मेटफॉर्मिन आतड्यात नेमके काय करते? पेट स्कॅनने ते तपासण्याची पद्धत, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या आकड्यापर्यंत

पेट स्कॅनच्या विभागात काम करणाऱ्यांना एक चित्र पाठ झालेले असते. तपासणी कर्करोगासाठी असते, यकृत, मेंदू आणि मूत्राशय अपेक्षेप्रमाणे दिसतात, पण मोठे आतडे मात्र उजव्या कुशीपासून डाव्या कुशीपर्यंत कुणी कोळशाने गिरवल्यासारखे काळेभोर उमटते. अशा वेळी तंत्रज्ञ फाइल न उघडताच विचारतो, ‘मेटफॉर्मिन चालू आहे का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असेच येते. कर्करोगतज्ज्ञाला हा काळेपणा अडचणीचा वाटतो, कारण त्याच्या आड एखादी गाठ लपू शकते. मधुमेहाच्या औषधांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र तो एक धागा आहे. १९५७ पासून मधुमेहावर वापरले जाणारे आणि अनेक वर्षे मुख्यतः यकृतावर काम करणारे औषध म्हणून शिकवले गेलेले मेटफॉर्मिन आतड्यात काहीतरी मोठे घडवते, हे या चित्रांनी उघड केले.

हा धागा पकडून एखादा लहान पण नेटका अभ्यास कसा आखावा, हे पुढे पायरीपायरीने सांगितले आहे. लेख वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थी, औषधनिर्माणशास्त्राचे संशोधक आणि अशा अभ्यासात सहभागी होण्याचा विचार करणारे जाणते वाचक यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या सूचना तिच्यातून निघतात: नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये औषध दिसत नाही. दिसतो तो टोचलेला ट्रेसर, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेले द्रव्य; ते जिथे जास्त जमते तिथे चित्र काळे होते. त्या ट्रेसरच्या वाटचालीवरून औषधाबद्दल अनुमान काढावे लागते, आणि चुका बहुधा या अनुमानातच होतात.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘मेटफॉर्मिनचा आतड्यावरील परिणाम’ हे शीर्षक झाले, प्रश्न नव्हे. औषध शरीरात कुठे जाते, ते एखाद्या अवयवातील साखरेचा व्यवहार कसा बदलते आणि काही महिन्यांच्या वापरानंतर त्या अवयवाची रचना बदलते का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे साधन वेगळे आहे.

औषध कुठे जाते हे पाहायचे असेल तर औषधाच्या रेणूवरच किरणोत्सारी खूण लावावी लागते. डेन्मार्कमधील ऑर्हुस येथील संशोधकांनी मेटफॉर्मिनच्या रेणूत कार्बन-११ बसवून माणसांवर असे स्कॅन केले आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केले. औषध मूत्रपिंडात आणि यकृतात भराभर पोहोचते, तर स्नायूंत फारच कमी शिरते, हे त्यांत प्रत्यक्ष दिसले. औषधाला यकृताच्या पेशीत नेणाऱ्या ओसीटी-१ या वाहक प्रथिनाचे जनुक ज्यांच्यात कमकुवत प्रकारचे असते, त्यांच्या यकृतात औषध कमी पोहोचते, हेही त्याच गटाने पुढे दाखवले. रचनेतील बदलांसाठी मात्र पेटची गरजच नसते. यकृतातील चरबी एमआरआयने टक्क्यांत मोजता येते, आणि एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाने हृदयाच्या डाव्या कप्प्याचे वस्तुमान सहा महिन्यांत घटते का, हे कॅनडातील एम्पा-हार्ट या चाचणीने हृदयाच्या एमआरआयवरच मोजले आणि २०१९ मध्ये घट झाल्याचे दाखवले.

आपला प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. तो असा लिहावा: ‘टाइप २ मधुमेहाच्या त्याच व्यक्तीत, मेटफॉर्मिन चालू असताना आणि बंद असताना, आतड्याच्या भिंतीत आणि आतड्याच्या पोकळीत जमणाऱ्या एफडीजी या ट्रेसरच्या प्रमाणात फरक पडतो का?’ या वाक्यातील ‘त्याच व्यक्तीत’ आणि ‘भिंतीत आणि पोकळीत’ हे शब्द पुढे फार कामाचे आहेत.

दुसरी पायरी: ट्रेसरचा स्वभाव ओळखा

एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ बसवलेले, एक ऑक्सिजन कमी असलेले ग्लुकोज. माणसाला ते पहिल्यांदा १९७६ मध्ये अमेरिकेत देण्यात आले. साखरेला पेशीत घेणारी ग्लुट नावाची दारे त्यालाही आत घेतात, हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते आणि तिथे त्याचा प्रवास थांबतो, कारण पुढच्या विकराला हा रेणू ओळखता येत नाही. साखर जाळणारी पेशी त्यामुळे एफडीजी साठवत जाते आणि स्कॅनवर उठून दिसते.

साखरेची दुसरी दारे म्हणजे एसजीएलटी, ती मात्र एफडीजीला जवळजवळ घेतच नाहीत. निरोगी मूत्रपिंड गाळलेली साखर एसजीएलटीमार्गे परत रक्तात ओढून घेते, पण एफडीजी तसेच लघवीत उतरते, म्हणूनच प्रत्येक पेट स्कॅनमध्ये मूत्राशय झळकते. हे ध्यानात न घेता डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनचा मूत्रपिंडावरील परिणाम एफडीजीने मोजायला निघालेले प्रस्ताव मी वाचले आहेत. त्या औषधांनी बंद होणारे दार एफडीजी मुळात वापरतच नाही, मग दार बंद झाल्याचे ते कसे सांगणार? तिथे एसजीएलटीने उचलला जाणारा वेगळा ट्रेसर लागतो.

अर्धायुष्याचा हिशेबही याच टप्प्यावर करावा. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. सायक्लोट्रॉनपासून (असे किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्रापासून) चार तासांच्या अंतरावर असलेल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत मूळ किरणोत्सारापैकी जवळपास २२ टक्के उरतो आणि तेवढ्यावर काम भागवता येते. कार्बन-११ चे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे असल्याने त्याच चार तासांत चार हजारांतला एक भागच शिल्लक राहतो. कार्बन-११ मेटफॉर्मिनचा अभ्यास म्हणूनच सायक्लोट्रॉन अंगणात असलेल्या संस्थेनेच हाती घ्यावा. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. महाराष्ट्रातील बहुतेक रुग्णालयांना मात्र बाहेरून येणाऱ्या एफडीजीवरच अभ्यास आखावा लागतो, आणि आपल्या प्रश्नाला ते पुरेसे आहे.

तिसरी पायरी: परवानग्या, सहभागी आणि किरणांचा हिशेब

एथिक्स कमिटीची मान्यता, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये पहिला सहभागी घेण्यापूर्वीची नोंदणी आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार चालणारा विभाग या तीन गोष्टींविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. किरणांचा हिशेब मात्र संमतिपत्रात आकड्यांनिशी आणि मराठीत यायला हवा. एफडीजीमुळे प्रौढ व्यक्तीला प्रत्येक मेगाबेक्वेरेलमागे (हे किरणोत्सार मोजण्याचे एकक) सुमारे ०.०१९ मिलिसिव्हर्ट (हे शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे एकक) इतकी परिणामी मात्रा मिळते. १८५ मेगाबेक्वेरेल टोचले तर ती सुमारे ३.५ मिलिसिव्हर्ट होते, दोन भेटींत ७. पेट-सीटी वापरल्यास सीटीची मात्रा दोन्ही वेळा वरून पडते. पेट-एमआरआय उपलब्ध असेल तर ती टळते, शिवाय आतड्याची भिंत एमआरआयवर कितीतरी स्पष्ट दिसते. माझ्या मते या प्रश्नासाठी पेट-एमआरआय ही चैन नसून गरज आहे, आणि त्याचे खरे कारण सहाव्या पायरीत येईल.

मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचा एक गट आणि न घेणाऱ्यांचा दुसरा गट अशी तुलना सोपी वाटते, पण ती टाळावी. ज्यांना मेटफॉर्मिन दिलेले नाही त्यांना ते का दिलेले नाही, यामागे बहुधा मूत्रपिंडाचा त्रास, वय, इन्सुलिनची गरज अशी कारणे असतात आणि तीच आकड्यांत मिसळतात. तीच व्यक्ती दोनदा तपासली की हा गुंता बराच सुटतो. आधी औषधासह स्कॅन की आधी औषधाशिवाय, हा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० पेक्षा कमी असलेल्यांना मेटफॉर्मिन देऊच नये, त्यामुळे ते आपोआप बाहेर राहतात. आतड्याचा दाहक आजार, आतड्याची पूर्वीची शस्त्रक्रिया आणि नुकताच घेतलेला अँटिबायोटिकचा कोर्स, ही कारणेही वगळण्याच्या यादीत घालावीत.

चौथी पायरी: औषध खरोखर बंद झाले आहे का?

माझ्या अनुभवात सर्वाधिक अभ्यास इथे बिघडतात, तेही अगदी घरगुती कारणाने. एका सहभागी काकूंनी फोनवर सांगितले होते, ‘साखरेची गोळी बंद केली आहे, डॉक्टर.’ स्कॅनवर आतडे काळेभोर आले. पुढच्या खेपेला त्यांना घरातली सगळी औषधे घेऊन यायला सांगितले, तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. मेटफॉर्मिनची पांढरी लांबट गोळी त्यांनी इमानदारीने बाजूला ठेवली होती. पण न्याहारीपूर्वी घ्यायच्या दुसऱ्या पट्टीवर ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधाचे नाव ठळक होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम’ असे छापलेले होते. ती गोळी त्यांच्या लेखी ‘नाश्त्याची गोळी’ होती, साखरेची नव्हती. चूक त्यांची नव्हती, आमच्या प्रश्नाची होती. आपल्याकडे मेटफॉर्मिन असलेल्या जोडगोळ्या एवढ्या वापरात आहेत की औषधांची पिशवी समोर ओतून प्रत्येक पट्टीची मागची बाजू वाचल्याखेरीज ‘बंद’ हा शब्द नोंदवहीत लिहू नये.

किती दिवस बंद ठेवावे? कर्करोगासाठीच्या स्कॅनआधी आतड्यातला काळेपणा कमी करण्यासाठी ४८ तास मेटफॉर्मिन थांबवण्याची पद्धत रूढ आहे. रक्तातील औषध तेवढ्यात जवळपास संपते, कारण त्याचे शरीरात विघटन होत नाही आणि ते जसेच्या तसे लघवीवाटे निघून जाते. पण तोंडावाटे घेतलेल्या मात्रेपैकी साधारण निम्मीच रक्तात पोहोचते आणि आतड्याच्या भिंतीत औषधाचे प्रमाण रक्ताच्या कैक पट असते. रक्त स्वच्छ झाले म्हणजे आतडेही झाले असे समजणे म्हणूनच धाडसाचे ठरते. संशोधनासाठी मी एक ते दोन आठवड्यांचा खंड पसंत करतो, तोही सहभागीच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून, घरी ग्लुकोमीटर देऊन आणि साखर किती वाढली तर अभ्यास सोडून औषध परत सुरू करायचे हा आकडा आधी कागदावर लिहून. पुन्हा सुरू करतानाही एकदम पूर्ण मात्रा देऊ नये. जुलाब लागतात, आणि जुलाब लागलेल्या आतड्याचा स्कॅन घेऊन कोणताच निष्कर्ष निघत नाही.

पाचवी पायरी: स्कॅनचा दिवस

सहभागी किमान सहा तास उपाशी असावा, पाणी मात्र भरपूर प्यावे. टोचण्यापूर्वी रक्तशर्करा मोजावी. २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त असेल तर स्कॅन पुढे ढकलावा. इन्सुलिन देऊन साखर घाईने खाली आणू नये, कारण इन्सुलिन एफडीजीला स्नायूंत ढकलते आणि बाकीच्या अवयवांच्या वाट्याला कमी येते. वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर घ्यावे. सहभागीने सांगितलेले वजन लिहू नये. सिरिंजमधील किरणोत्सार टोचण्यापूर्वी मोजावा आणि टोचून झाल्यावर सुई-सिरिंजमध्ये उरलेलाही मोजावा. मोजणीयंत्राचे घड्याळ, स्कॅनरचे घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांत पाच मिनिटांचा फरक असला तरी अंतिम आकड्यात सुमारे तीन टक्क्यांची चूक शिरते, म्हणून सकाळी आल्याआल्या तिन्ही घड्याळे जुळवावीत. कंटाळवाणे काम आहे, पण टाळू नये.

टोचल्यानंतर एक तास शांत बसू द्यावे, मोबाइलवर बोलत येरझाऱ्या घालू देऊ नयेत. दोन्ही भेटींतला हा विश्रांतीचा काळ मिनिटामिनिटाने सारखा ठेवावा. आतड्याची हालचाल थांबवण्यासाठी हायोसिन ब्युटिलब्रोमाइड वापरायचे ठरले तर दोन्ही वेळा वापरावे. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ते देण्याआधी विचारपूस करावी.

वेळ आणि यंत्र दोन्ही मिळत असतील तर एका स्थिर चित्रावर न थांबता टोचल्या क्षणापासून क्रमवार चित्रे घ्यावीत. ट्रेसर आधी भिंतीत दिसतो आणि मग पोकळीत उतरतो की पोकळीत वेगळ्या वाटेने येतो, हे एका तासानंतरच्या एकाच फोटोवरून कळत नाही.

सहावी पायरी: रेषा कुठे आखायची?

संगणकावर आतड्याचा आडवा छेद मोठा करून पाहा. फुगलेल्या मोठ्या आतड्याची भिंत दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. पेट स्कॅनर मात्र साधारण चार-पाच मिलिमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवू शकत नाही. भिंतीतला सिग्नल पोकळीत सांडतो, पोकळीतला भिंतीत. नुसत्या पेट-सीटीवर ‘आतडे’ म्हणून एक गोल आखला की दोघांची सरसकट सरासरी हाती येते, आणि मग साखर आतड्याच्या पेशी जाळत आहेत की ती आतड्यात बाहेर टाकली जात आहे, हे सांगता येत नाही.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. जपानमधील कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये पेट-एमआरआय वापरून भिंत आणि पोकळी वेगवेगळी मोजली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या आतड्यातील जास्तीचा एफडीजी प्रामुख्याने पोकळीत, म्हणजे आतड्यातील मळात असल्याचे त्यांना आढळले. तोवर आतड्याच्या भिंतीतल्या पेशी औषधामुळे जास्त साखर खातात, एवढाच अर्थ बहुतेक जण लावत होते. रक्तातली साखर आतड्यात उत्सर्जित होत असावी, ही शक्यता त्या एका रेषेमुळे समोर आली.

प्रत्यक्ष आखताना एमआरआयवरच भिंतीची बाहेरची आणि आतली कड ओळखावी आणि ती रेषा नंतर पेटवर न्यावी. पेटवरचा काळा डाग पाहून रेषा आखली की आपण उत्तर आधी लिहून मग गणित सोडवतो. पोकळीसाठीचा गोल भिंतीपासून थोडा आत ठेवावा. लहान आतड्याचे जेजुनम (मधला भाग) आणि इलियम (शेवटचा भाग), मोठ्या आतड्याचा उजवा आणि डावा भाग यांची मोजणी वेगळी करावी, कारण मेटफॉर्मिनचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो, इलियम आणि मोठ्या आतड्यात तो अधिक दिसतो. दोघांनी स्वतंत्रपणे आखावे, आणि स्कॅन औषधासह आहे की औषधाशिवाय हे दोघांनाही ठाऊक नसावे. आतडे काळेभोर दिसले की अंदाज बांधलाच जातो, हे खरे. पण निदान फाइलचे नाव तरी ते सांगणारे नसावे.

सातवी पायरी: आकडा काढणे आणि त्यावर शंका घेणे

सर्वांत प्रचलित आकडा एसयूव्ही. ७० किलो वजनाच्या व्यक्तीला २५० मेगाबेक्वेरेल मिळाले, तर ट्रेसर सगळीकडे सारखा पसरला असता प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३.६ किलोबेक्वेरेल आला असता. मोठ्या आतड्यात प्रत्यक्षात १८ आढळले, तर एसयूव्ही झाली ५, म्हणजे समान वाटणीच्या पाचपट. हिशेब सरळ आहे, पण मधुमेहाच्या औषधांच्या अभ्यासात तो दोन ठिकाणी फसवतो.

पहिली फसगत रक्तशर्करेची. साखर आणि एफडीजी एकाच दारातून शिरण्यासाठी स्पर्धा करतात. औषधाने रक्तशर्करा १८० वरून ११० वर आणली की स्पर्धा कमी होते आणि औषधाचा काही संबंध नसलेल्या मेंदूसारख्या अवयवातही एफडीजी वाढतो. त्यामुळे प्रत्येक अहवालात टोचतेवेळची साखर लिहावी आणि मेंदू, स्नायू यांसारखा तुलनेचा अवयवही मोजावा. केवळ आतड्यात वाढ झाली आणि स्नायूंत झाली नाही, तर बोलण्यासारखे काही आहे. क्रमवार चित्रे असतील तर महाधमनीतील रक्ताचा वक्र घेऊन पॅटलॅक पद्धतीने ट्रेसर शिरण्याचा दर काढावा, तो अधिक भरवशाचा असतो. मात्र ही पद्धत ट्रेसर पेशीत अडकून राहतो असे गृहीत धरते. पोकळीत वाहून जाणाऱ्या एफडीजीला ते गृहीतक लागू होत नाही, म्हणून ती भिंतीपुरतीच वापरावी.

दुसरी फसगत वजनाची. मेटफॉर्मिनने वजन फारसे हलत नाही, पण हीच पद्धत सेमाग्लुटाइडसारख्या वजन घटवणाऱ्या औषधाला लावली तर दोन भेटींमध्ये सहभागी बराच हलका होऊ शकतो आणि सूत्रात वजन असल्याने अवयवात काही न बदलता एसयूव्ही बदलते. चरबी वगळून काढलेल्या वजनावरचा आकडा तिथे वापरावा.

काहीही न बदलता तोच माणूस दोनदा तपासला तरी एसयूव्ही १० ते १५ टक्क्यांनी इकडेतिकडे होते, हेही समोर ठेवावे. त्याहून लहान फरकाचा निबंध लिहायला बसू नये.

आठवी पायरी: चित्राला साक्षीदार जोडा

चित्र एकटे यंत्रणा सिद्ध करत नाही. त्याच सकाळी घेतलेल्या रक्तात लॅक्टेट (साखर जळताना बनणारा पदार्थ), जीएलपी-१ (आतड्यातले संप्रेरक) आणि जीडीएफ-१५ (पेशींवरील ताण दाखवणारे प्रथिन) मोजता येतात. मेटफॉर्मिनने जीडीएफ-१५ वाढते, त्यामुळे औषध खरोखर चालू किंवा बंद असल्याची ती एक स्वतंत्र खूणही ठरते, पिशवी तपासण्याला जोडीची. कोबेच्या गटाने पुढे क्रमवार पेट-एमआरआय करून आतड्यात उतरणाऱ्या साखरेचा वेग काढला आणि आतड्यातील जिवाणू तिच्यापासून लघुशृंखला मेदाम्ले तयार करतात हे प्राण्यांमध्ये दाखवले. म्हणजे स्कॅनने प्रश्न उभा केला, उत्तराचा मोठा भाग स्कॅनच्या बाहेरून आला. निष्कर्षाचे वाक्यही त्याच मापाने लिहावे: ‘मेटफॉर्मिन चालू असताना इलियमच्या पोकळीत एफडीजीचे प्रमाण जास्त होते’ हे आपण पाहिले. ‘मेटफॉर्मिन आतड्यातून साखर बाहेर टाकून मधुमेह आटोक्यात आणते’ हे आपण पाहिलेले नाही.

एक जबाबदारी आकड्यांच्या पलीकडची आहे आणि ती संमतिपत्रात आधीच लिहावी लागते. औषध बंद असतानाच्या स्कॅनमध्ये आतडे शांत दिसते आणि तेव्हा एखादा एकच, गोल, ठळक ठिपका उठून दिसू शकतो. मेटफॉर्मिनचा काळेपणा लांबच लांब पसरलेला असतो, असा एका जागी बसलेला नसतो. तो ठिपका पॉलिपचा किंवा कर्करोगाचा असू शकतो. म्हणून दोन्ही भेटींचे स्कॅन मोजणीसाठी संगणकात जाण्यापूर्वी, त्याच दिवशी, न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी निदानाच्या नजरेने वाचावेत, आणि असा ठिपका दिसल्यास सहभागीला कोलोनोस्कोपीसाठी कुणाकडे आणि किती दिवसांत पाठवायचे, ते नाव आणि ती मुदत पहिला सहभागी येण्याआधी ठरलेली असावी.